व्हॅलेन्सियाला गेलेलं लाकडी विमान

दक्षिण फ्रान्समध्ये, तुलूजच्या त्या विमान कारखान्यात कँटीनमधल्या टेबलांनाही जाती होत्या. पत्रे ठोकून जोडणाऱ्या रिबिटवाल्यांचं टेबल वेगळं, रंगाऱ्यांचं वेगळं, शिवणखात्यातल्या बायकांचं खिडकीशी. दुसऱ्यांच्या टेबलावर जाऊन बसणं म्हणजे परक्याच्या घरात शिरून त्याच्या पलंगावर आडवं होणं. सुतारांचं टेबल आठ जणांचं होतं. विमानं लाकडाची होती तेव्हा तिथं कोपराला कोपर लागायचं. पुढं विमानं पत्र्याची झाली. एक सुतार शवपेट्यांच्या दुकानात गेला. म्हणाला, हा धंदा काही पत्र्यावर जायचा नाही. एक जावयाकडं राहायला गेला. बाकीचे हळूहळू त्या पहिल्याच्या गिऱ्हाइकांत जमा झाले. उरला आन्सेल्म रुकेत.

आन्सेल्म त्या टेबलावर एकटा जेवायचा. पाव, पाण्याचा जग आणि वाटलेल्या तिखट मोहरीची बरणी मात्र आठ जणांच्या हिशेबानं यायची. मोहरी वाया जाऊ नये म्हणून तो सगळ्यांच्या वाटणीची खायचा, आणि त्यामुळं जेवताना त्याच्या डोळ्यांत कायम पाणी असायचं. लोकांना वाटायचं, बिचाऱ्याला वारलेली बायको आठवते. आठवायचीच, पण त्याला घरी गेल्यावर. कँटीनमध्ये नुसती मोहरी.

घरी दोन खोल्या, एक रेडिओ. रेडिओ बोलायचा पण ऐकून घ्यायचा नाही. ओताँ नावाचा तिकडचा सोसाट्याचा वारा सुटला की खिडकीचं दार आपटायचं आणि आन्सेल्म मोठ्यानं ‘आलो, आलो’ म्हणायचा. कुणी आलेलं नसायचं, हे त्याला माहीत असायचं. पण दिवसभरात काहीतरी बोलल्यासारखं व्हायचं.

अशात कारखान्यानं लहान पल्ल्याचं जेट विमान काढायचं ठरवलं. उठलं की तासा-दोन तासांत उतरणारं. इंजिनं शेपटीकडं, म्हणजे पुढं बसलेल्यांना शांतपणे घोरता यावं. पण पत्रा कापण्याआधी अख्खं विमान एकदा लाकडात करून बघतात: दारातून माणूस जातो का, सामानाच्या फळीवर डोकं आपटतं का. त्यामुळं आन्सेल्मला अचानक भाव आला. गावातले चार सुतार रोजंदारीवर आणून त्यानं हँगरमध्ये लाकडी विमान उभं केलं. एक पंख पुरा होता आणि एक अर्धा, कारण मध्ये भिंत आली. रोजंदारीचे सुतार दुपारी घरी जेवायला जायचे, त्यामुळं मोहरीत काही फरक पडला नाही.

मग आले मस्यू तेव्हनार. पॅरिसहून आलेला तरुण इंजिनिअर, काम एकच: प्रवाशांना आत कसं वाटतं ते शोधून काढणं. त्याला विनोद कळत नसे असं नाही. कळायचा, पण तो त्याची तपासणी करायचा.

“तीस माणसं लागतील,” तो व्यवस्थापकांना म्हणाला. “रोज पूर्ण उड्डाण.”

“कामाच्या वेळात एकही मिळणार नाही. जेवणाच्या सुट्टीत घ्या.”

जेवणाच्या सुट्टीत दक्षिणेचा माणूस देवासाठीसुद्धा जागचा हलत नाही. पण विमानात चढणाऱ्याला अर्धी बाटली वाइन फुकट, असं जाहीर झालं आणि उड्डाणाची आवड सगळ्या खात्यांत एकदम पसरली. जागा चिठ्ठ्या टाकून ठरल्या, त्यामुळं टेबलांची सरमिसळ झाली. रिबिटवाल्याशेजारी रंगारी, रंगाऱ्याशेजारी हिशेबनीस. आन्सेल्मला सातव्या रांगेतली मधल्या वाटेकडची जागा मिळाली. खिडकीशी शिवणखात्यातली आम्पारो ल्योरेन्स.

आम्पारो व्हॅलेन्सियाची. तिकडं यादवी युद्धात हरल्यावर, एकोणचाळीसच्या फेब्रुवारीत, सीमेवरचे डोंगर चालत ओलांडून आलेल्यांपैकी. कारखान्यात असे स्पॅनिश बरेच होते. त्यांनी शपथ घेतली होती की माद्रिदला सत्तेवर बसलेला तो जनरल जिवंत आहे तोवर त्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही. जनरलची प्रकृती उत्तम होती.

पहिल्याच दिवशी तेव्हनारनं दार लावलं, शेपटीकडं ठेवलेले दोन व्हॅक्यूम क्लीनर चालू केले आणि भोंग्यातून सांगितलं, “उड्डाण झालं आहे. आपण पॅरिसला निघालो आहोत. उंची दहा हजार मीटर. बाहेर उणे पन्नास.”

खिडकीबाहेर रंगाचे डबे रचून ठेवले होते.

रिबिटवाला बार्त, गळ्यापर्यंत रग्बीचा खेळाडू आणि त्याच्यावर मिशा, असा गडी. त्याचं सॉसेज हँगरच्या कट्ट्यावर राहिलं होतं. तो उठला, दार उघडलं, शिडी उतरला, सॉसेज घेऊन परत आला. दारात तेव्हनार उभा.

“तुम्हाला आत येता येणार नाही.”

“का हो?”

“तुम्ही दहा हजार मीटरवरून खाली पडलात. मेलात तुम्ही.”

“अहो, सॉसेज आणायला गेलो होतो!”

“कारण काहीही असो.”

“मग माझी वाइन?”

“मृतांना वाइन नाही.”

सगळ्या विमानानं टाळ्या वाजवल्या. तेव्हनारला टाळ्यांचं कारण समजलं नाही. त्यानं गंभीरपणे तिसऱ्या रांगेतली जागा रिकामी केली. दुसऱ्या दिवशी रिबिटवाल्यांनी बार्तच्या कँटीनमधल्या खुर्चीवर काळी फीत बांधली. कुणीतरी त्याच्या बायकोला फुलं पाठवली. ती बाई चिडली नाही. म्हणाली, मेल्यावर तरी कुणीतरी फुलं आणली. त्यानंतर बार्त रोज उड्डाणाच्या वेळी विमानाखाली उभा राहून वर बघायचा आणि आतले त्याला हात जोडायचे. एवढं सगळं पाहून, त्या विमानात घडलेलं लोक खरं मानतात, ही गोष्ट आन्सेल्मनं मनावर घ्यायला हवी होती. पण तो तेव्हा दुसरीकडं बघत होता.

तो बघत होता आपल्या उजव्या खांद्याकडं. ‘उड्डाण झालं आहे’ हे शब्द ऐकले की आम्पारो झोपायची. डुलकी वगैरे नाही. दिवा मालवल्यासारखी गाढ. आणि मिनिटाभरात तिचं डोकं त्याच्या खांद्यावर यायचं. जागी होती तोवर ती दोनच गोष्टी बोलायची: चढताना “सरकता का जरा,” आणि उतरताना “आलं का?”

“आलं,” आन्सेल्म म्हणायचा. हा त्या दोघांचा संवाद. दुसऱ्या कुणाला तुटपुंजा वाटला असता. आन्सेल्मला तो संध्याकाळपर्यंत पुरायचा.

खांदा हलू नये म्हणून तो डाव्या हातानं जेवायला शिकला. ती झोपलेली असताना तेव्हनार रांगेरांगेनं विचारत यायचा.

“पाठ?”

“उत्तम.”

“गुडघे?”

“कधीच इतके बरे नव्हते.”

“मस्यू रुकेत, सगळे म्हणतात डोक्याला आधार नाही. सीटच्या दोन्ही बाजूंना वर कान लावायचे म्हणतोय मी. म्हणजे डोकं शेजाऱ्यावर पडणार नाही.”

“कान कशाला?” आन्सेल्म कुजबुजत पण तळमळून म्हणाला. “वजन वाढेल विमानाचं.”

वजनाचं नाव काढलं की इंजिनिअर ऐकतो. कान पुढं ढकलले गेले.

एप्रिल आला तशी बातमीही आली: चाचण्या संपल्या. शुक्रवारी शेवटचं उड्डाण, आणि त्याच दुपारी लाकडी विमान मोडायचं. हँगर खऱ्यासाठी रिकामा हवा. त्या आठवड्यात एकदा व्हॅक्यूम क्लीनर बिघडला, इंजिनं बंद पडली, आणि शांततेनं आम्पारो जागी झाली. रंगाच्या डब्यांकडं बघत म्हणाली, “आमच्याकडं व्हॅलेन्सियाला या दिवसांत संत्र्याला फूल येतं. अख्ख्या गावाला वास सुटतो.”

आणि पुन्हा झोपली.

ती स्वतःहून त्याच्याशी बोललेली एवढी मोठी पहिलीच गोष्ट. आन्सेल्मनं ती घरी नेली, रात्री दोन्ही खोल्यांत फिरवली. शुक्रवारनंतर खांदा नाही, ‘आलं का’ नाही. परत आठ खुर्च्या आणि मोहरी. काहीतरी करायचं तर शुक्रवारच्या आत. रविवारी कालव्याच्या काठानं फिरायला येता का, एवढं विचारायचं होतं. पण झोपलेल्या माणसाला असं कसं विचारणार? आधी तिनं हसत जागं व्हायला हवं. आणि हसत जागं होण्यासारखं काय आहे, ते तर तिनंच सांगितलं होतं.

तो तेव्हनारकडं गेला.

“मस्यू, आपलं विमान व्हॅलेन्सियापर्यंत जाईल?”

तेव्हनारनं नकाशा काढला, कंपासनं तुलूजभोवती गोल मारला आणि त्याचा चेहरा उजळला. “आरामात. उलट लवकर पोचू. मग वर घिरट्या घालाव्या लागतील. धुकं आहे म्हणू.” नकाशाची घडी करत तो म्हणाला, “मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, कुठवर जाईल म्हणून. सगळे वाइनचं विचारतात.”

हा तेव्हनार स्टेशनसमोरच्या हॉटेलात राहायचा आणि रोज रात्री एकट्यासाठी मांडलेल्या टेबलावर जेवायचा. पण ते दोघंही असली गोष्ट एकमेकांना सांगणाऱ्यांतले नव्हते.

स्पॅनिशांची शपथ आन्सेल्मला माहीत नव्हती असं नाही. तुलूजमध्ये ती कुत्र्यांनाही माहीत होती. पण त्याला वाटलं, लाकडी विमान त्यात मोजत नसतील. स्वतः सुतार असल्यामुळं लाकूड म्हणजे काय ते आपल्याला कळतं, असा त्याचा समज होता.

शुक्रवारी त्यानं वाण्याकडून संत्र्याच्या फुलांच्या पाण्याची बाटली आणली, केकमध्ये घालतात ती, आणि सातव्या रांगेच्या वरच्या हवेच्या भोकात अख्खी ओतली. दाढी दोनदा केली. सगळे चढले. आम्पारोनं “सरकता का जरा” म्हटलं. तो सरकला. व्हॅक्यूम क्लीनर घरघरले.

“उड्डाण झालं आहे,” तेव्हनार म्हणाला.

आम्पारोचे डोळे मिटले. डोकं कलायला लागलं आणि मध्येच थांबलं. तिनं नाक वर केलं. “कुणी केक आणलाय का?”

“नाही,” आन्सेल्म म्हणाला. “नीट वास घ्या.”

तिनं घेतला. आणि खरोखर हसली. अगदी बारीक, गालाच्या एका कोपऱ्यात, पण हसली. आन्सेल्मनं ‘रविवारी’ म्हणायला तोंड उघडलं, आणि भोंगा बोलला.

“आजचं शेवटचं उड्डाण, एका प्रवाशाच्या खास विनंतीवरून, व्हॅलेन्सियाला.”

आम्पारो उठून उभी राहिली.

“कुठं?”

“व्हॅलेन्सियाला, मादाम,” तेव्हनार म्हणाला. “बसून घ्या, आपण चढतो आहोत.”

“मला उतरायचंय.”

“आपण फ्वा गावाच्या वर आहोत. बाहेर उणे पन्नास.”

“मी हे डोंगर फेब्रुवारीत कापडी चपला घालून ओलांडलेत. मला नका थंडी सांगू. सरका.”

विमान कंपनीकडून शिकायला आलेली हवाई सुंदरी लिदी मध्ये पडली. “मादाम, अहो, हे नुसतं लाकडाचं आहे!”

“मादमोआझेल!” तेव्हनार ओरडला. इतकं दुखावलेलं त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

“लाकडाचं असेल नाहीतर चिखलाचं,” आम्पारो म्हणाली. “तो जिवंत असेपर्यंत मी तिकडं जाणार नाही. दार उघडा.”

“तुम्ही मराल.”

“मग मरते. चांगल्या संगतीत मरते.”

तिनं स्वतःच दार उघडलं आणि खाली उतरली. मागोमाग लेथवरचा म्हातारा सेराफीन उठला, टोपी घातली आणि छाती पुढं काढून फ्वा गावावर उडी मारली. मग बाकीचे स्पॅनिश, एकामागून एक, शिडी धरून, सावकाश, कारण शिडी जुनी होती. मग फ्रेंचांत चुळबूळ झाली. कामगारांची एकजूट म्हणजे एकजूट. शिवाय वाइन आधीच वाटून झाली होती. तेही उतरले. खाली बार्त उभाच होता. “या, या मंडळी,” तो म्हणाला. “घाबरू नका. सवय होते.” शेवटी लिदीनंही सगळ्यांकडं बघितलं, टोपी काढली आणि उडी मारली.

आत उरले तेव्हनार आणि आन्सेल्म.

आन्सेल्मही अर्धवट उठला होता. पण ज्याच्या विनंतीवरून विमान निघालं त्यानंच उडी मारली, तर बरं दिसलं नसतं. आणि तेव्हनार दाराशी उभा होता, ज्याच्या लग्नाला कुणीच आलं नाही अशा माणसासारखा. आन्सेल्म परत बसला.

“पाठ?” तेव्हनारनं विचारलं.

“उत्तम,” आन्सेल्म म्हणाला.

खिडकीतून खाली आम्पारो दिसत होती. ती वर बघून काहीतरी बोलली. खिडकी दुहेरी होती, आन्सेल्मनंच बसवली होती. आवाजाला फट नाही अशी पक्की. मग ती मृतांच्या घोळक्यात मिसळली. व्हॅलेन्सियावर धुकं होतं. विमान बराच वेळ घिरट्या घालत राहिलं. संत्र्याच्या फुलांचा वास इतका झाला की डोकं दुखायला लागलं.

“उतरलो आपण,” तेव्हनार म्हणाला. “चला, खाली उतरा.”

“नाही उतरत.”

“का?”

“या जमिनीवर पाय ठेवायचा नाही.”

“तुम्ही कुठं स्पॅनिश आहात?”

“नाही. पण शेजारी बसत होतो.”

तेव्हनारनं ते तपासून पाहिलं. चूक सापडली नसावी. त्यानं व्हॅक्यूम क्लीनर बंद केले, कोट घेतला आणि जेवायला निघून गेला. इतकी शांतता झाली की लाकूड कुरकुरलेलं ऐकू येत होतं. आन्सेल्मला आपल्या खांद्याचं काय करावं ते कळेना. त्यानं तो थोडा खाली केला, मग परत वर.

शिडी वाजली. दारात आम्पारो. तिनं उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. शिडीच्या शेवटच्या पायरीवरच थांबली.

“मला आत येता येणार नाही,” ती म्हणाली. “हे आता तिकडं आहे ना?”

“हो. धुक्यानं उशीर झाला.”

“आणि मी कुठं पडले?”

“फ्वा गावावर. मस्यू म्हणाले.”

“म्हणजे अलीकडंच. फ्रान्समध्ये.”

“फ्रान्समध्येच.”

“बरं झालं.” तिनं दाराच्या चौकटीवर हात ठेवला आणि लगेच काढला, चटका बसल्यासारखा. “व्हॅलेन्सिया कुणी सांगितलं होतं?”

“मी.”

“वास पण तुम्हीच?”

“केकचा आहे. वाण्याकडचा.”

आन्सेल्मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर त्याला चाललं असतं. ओरडणं पुष्कळ दिवस पुरतं.

“तुम्हाला वाटलं, मला आवडेल,” ती म्हणाली.

“हो.”

“मस्यू रुकेत, मी बहिणीच्या घरी राहते. एक खोली, तिची चार पोरं, आणि मेव्हणा. मेव्हणा रोज रात्री विचारतो, परत कधी जायचं? गेली कितीतरी वर्षं. दूधवाली विचारते, पाद्री विचारतो, तुमचे फ्रेंच लोक तर फार प्रेमानं विचारतात. या विमानाची एकच गोष्ट चांगली होती: हे कुठं जात नव्हतं. चढलं की झोप यायची. तेवढंच होतं माझं. ते तुम्ही घालवलंत.”

“पॅरिसला जात होतं की,” आन्सेल्म कसंबसं म्हणाला.

“पॅरिस म्हणजे कुठं जाणं नव्हे.”

यावर तुलूजच्या माणसाला वाद घालता येत नाही. रविवार त्याच्या तोंडात होता, सुकलेल्या पावासारखा, गिळवेनाही, थुंकवेनाही.

“आता उद्यापासून मी झोपू कुठं?” ती म्हणाली. तक्रार नव्हती, खरोखरचा प्रश्न होता, कुणीतरी उत्तर द्यावं असा.

आन्सेल्मला आपल्या दोन खोल्या आठवल्या. त्यातल्या एकीत कुणीच झोपत नव्हतं. खिडकी पूर्वेची, पलंग त्यानं स्वतः केलेला, अक्रोडाचा. दुपारी तिथं इतकं शांत असतं की नुसतं पडून राहायला मिळावं म्हणून माणसानं आजारी पडावं. पण हे बोललं की त्याचा अर्थ भलताच होणार, आणि भलता अर्थ तरी कितपत भलता होता, हे त्याला स्वतःला नक्की सांगता आलं नसतं.

“शिवणखात्यात गाद्या असतील,” तो म्हणाला.

“असतात. पण तिथं बाया बोलतात.”

“हो. तेही आहे.”

कामाचा भोंगा झाला. ती दोन पायऱ्या उतरली, थांबली आणि मागं न वळता म्हणाली, “खांदा चांगला होता.” मग उतरून शिवणखात्याकडं गेली, बाकीच्या मेलेल्यांबरोबर.

आन्सेल्म बसून राहिला. थोड्या वेळानं खाली मुकादमाचा आवाज आला. तो चिडला होता. विमान मोडायचं होतं, हँगर संध्याकाळपर्यंत मोकळा हवा होता, आणि सुतार कुठं सापडत नव्हता. मुकादमानं बार्तला विचारलं, बार्तनं वर बोट दाखवलं.

“रुकेत! काय करताय वर?”

“काही नाही,” आन्सेल्म म्हणाला. “जरा व्हॅलेन्सियात अडकलोय.”